घर हेच रुग्णालय : मधुमेही रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

औषधपाण्याचा विषय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अंकात शोभावा, कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आधी देते आणि मग विषयाकडे वळते. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांसारखे आजार बहुधा कायमचे बरे होत नाहीत. ते सांभाळावे लागतात. हे सांभाळण्याचे काम दवाखान्यात होत नाही. रुग्ण दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी त्यास पंधरा मिनिटे मिळाली असे धरले, तर वर्षाकाठी एक तास होतो. वर्षाचे एकूण तास ८,७६०. उरलेले ८,७५९ तास रुग्ण घरीदारीच असतो. त्या तासांत परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि रात्रपाळीचा पहारेकरी ही सर्व कामे घरची माणसे करतात. ही माणसे कोण असतात, त्यांना वाचता किती येते, हिशेब कोण ठेवतो, घरात शब्द कोणाचा चालतो, कोण केव्हा जेवतो, हे सर्व प्रश्न समाजशास्त्राच्या कक्षेत येतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

सर्व आजारांचा विचार एका लेखात मावणारा नाही. प्रस्तुत लेखात मी मधुमेहापुरतेच लिहिणार आहे. त्यातही इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारा, घरी राहणारा वयस्क रुग्ण माझ्यासमोर आहे. आमच्या घरी आजीला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली सहा वर्षे ती इन्सुलिन घेते. लेखातील निरीक्षणे आमच्या घरची व शेजारपाजारची आहेत. औषधाची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे काम असून हा लेख त्यांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हेही आरंभीच नमूद करते.

पूर्वपीठिका

मधुमेह घरात आला तो इन्सुलिनमुळे, असे म्हटले तर विचित्र वाटेल. पण ते खरे आहे. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना स्वादुपिंडाच्या अर्कातून रक्तातील साखर उतरविण्यात यश आले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते पहिल्यांदा टोचण्यात आले. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी या प्रकारचा मधुमेह झालेली मुले थोड्याच काळात दगावत. जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपचार हाती होता. इन्सुलिनने मृत्यू टळला, परंतु आजार गेला नाही. मरणाचा आजार जन्माचा सोबती झाला आणि त्याची जबाबदारी रुग्णालयाच्या खाटेवरून घराच्या ओट्यावर आली.

ही गोष्ट त्या काळच्या काही डॉक्टरांनी लवकर ओळखली. बोस्टनच्या इलियट जोस्लिन यांनी इन्सुलिनच्याही आधी, १९१८ साली, रुग्णांसाठी पुस्तक लिहिले. रुग्णाला शिकविणे हा उपचाराचाच भाग आहे, अशी त्यांची धारणा होती. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते व १९२३ साली इन्सुलिनमुळे वाचले. त्यांचे एक रुग्ण म्हणजे प्रसिद्ध इंग्रज साहित्यिक एच. जी. वेल्स. या दोघांनी मिळून १९३४ साली मधुमेही रुग्णांची संघटना स्थापन केली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. वेल्स यांना आपण विज्ञानकथांमुळे ओळखतो, परंतु रुग्णांनी एकत्र येऊन परस्परांना शहाणे करावे, ही त्यांची खटपटही तितकीच मोलाची होती.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के भरते. म्हणजे आपल्या वर्गात साठ विद्यार्थी असतील, तर त्यांपैकी अनेकांच्या घरी हा आजार आहेच. आपण त्याविषयी बोलत नाही, एवढेच.

सुरक्षितता म्हणजे काय ?

रुग्णाची सुरक्षितता ही कल्पना तशी अलीकडची आहे. १९९९ साली अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. उपचारांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे अमेरिकेच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मरण पावत असावीत, असा अंदाज त्यात मांडला होता. आकड्यांइतकाच त्यातील विचार महत्त्वाचा होता. चूक करणारी माणसे बहुधा वाईट किंवा निष्काळजी नसतात. व्यवस्थाच अशी असते की तीत चूक सहज घडते. म्हणून माणसाला दोष देऊन न थांबता व्यवस्था बदलली पाहिजे, असे त्या अहवालाने सांगितले. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारा अपाय कमी करण्याची मोहीम हाती घेतली, आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

हा विचार घराला लावून पाहा. चांगल्या रुग्णालयात औषधाचा तक्ता असतो, प्रत्येक मात्रेची वेळ लिहिली जाते, धोक्याचे औषध देताना दुसरी परिचारिका तपासते, रात्री कोणीतरी जागे असते, पाळी बदलताना एकमेकांस निरोप दिला जातो. घरी यांतले काय असते? तक्ता नसतो, सर्व काही आईच्या डोक्यात असते. आई माहेरी गेली की निरोप तोंडी. चष्मा सापडत नाही म्हणून बाटलीवरची अक्षरे न वाचता सवयीने औषध दिले जाते. प्रेम मात्र घरी रुग्णालयापेक्षा पुष्कळ अधिक असते. परंतु प्रेम ही काही व्यवस्था नव्हे, आणि सुरक्षितता व्यवस्थेतून येते. हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. आता काही ठोस धोके पाहू.

चाळीस आणि शंभर

इन्सुलिन ‘एकक’ म्हणजे युनिटमध्ये मोजतात. आपल्याकडे बाटलीतून मिळणारे इन्सुलिन बहुतांशी ४० एककांचे असते, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० एकके. पेनमध्ये घालावयाच्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन सामान्यतः १०० एककांचे असते, आणि काही बाटल्याही १०० एककांच्या मिळतात. अमेरिका, ब्रिटन आदी देशांतून बाटली आणली तर ती १०० चीच असण्याचा संभव फार. ब्रिटनने १९८३ साली जुन्या ताकदी सोडून १०० एककांची एकच ताकद स्वीकारली. दोन ताकदींसाठी दोन वेगळ्या सिरिंज असतात. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी टोपणाची.

टोपणाचा रंग हा केवळ शोभेचा भाग नाही. गणित करून पाहू. समजा रुग्णाला २० एकके घ्यावयाची आहेत. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलीलीटर येतो. केशरी टोपणाच्या सिरिंजवर त्याच आकड्यापर्यंत ०.२ मिलीलीटर येतो. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने ‘२०’ घेतले, तर प्रत्यक्षात आठच एकके शरीरात जातात. उलट १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने ‘२०’ घेतले, तर पन्नास एकके जातात, म्हणजे अडीचपट. पहिल्या चुकीने साखर चढते. दुसऱ्या चुकीने माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. दोन्ही वेळा सिरिंजवरचा आकडा ‘२०’ च दिसतो, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. परदेशातून मुलाने प्रेमाने पाठविलेली बाटली आणि घरातली नेहमीची सिरिंज, किंवा पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढून घेतलेले औषध, ही या दुसऱ्या चुकीची दोन घरगुती रूपे होत.

पहिली चूक आमच्या घरी घडली. मी त्या वेळी वसतिगृहात होते. हकीकत नंतर कळली. दुकानात लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या. “टोपणाचा रंग वेगळा, बाकी सुई तीच,” असे सांगून विक्रेत्याने केशरी टोपणाच्या दिल्या. चार दिवसांत आजीची साखर तीनशेच्या वर गेली. घरात संशय आला तो आजीवर. लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला, शेजारच्या काकूंना तिला काही देऊ नका म्हणून सांगण्यात आले. आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन यावयास सांगितले. दोन्ही वस्तू त्यांनी टेबलावर शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, “आजीबाई, तुम्ही काही खाल्लेलं नाही. तुम्हाला औषधच निम्म्याहून कमी मिळत होतं.” आजी एवढेच म्हणाली, “मी सांगत होते. पण म्हातारीचं कोण ऐकतं?”

या प्रसंगातून मला दोन गोष्टी दिसल्या. घरात आकडा बिघडला की आपण प्रथम माणसाच्या चारित्र्याकडे बोट दाखवितो, वस्तूकडे पाहत नाही. आणि रुग्णाचे म्हणणे ही सर्वांत स्वस्त तपासणी असूनही तिच्यावर आपला विश्वास सर्वांत कमी असतो. साखर अचानक चढली वा उतरली, तर आरोप करण्यापूर्वी बाटलीवरचा व सिरिंजवरचा आकडा एक आहे की नाही, एवढे पाहावे.

साखर उतरणे

‘मधुमेह म्हणजे साखर वाढणे’ हे सर्वांस ठाऊक असते. साखर कमी होणे हा उपचारातून उद्भवणारा धोका मात्र अनेक घरांत माहीतच नसतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर ती कमी समजतात. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. अंगाला दरदरून घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, जीभ जड होणे, असंबद्ध बोलणे आणि शेवटी बेशुद्धी, अशी लक्षणे दिसतात. वृद्ध माणसांत घाम आणि थरथर कमी दिसून एकदम गोंधळलेपणच पुढे येऊ शकते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही औषधांमुळेही थरथर व धडधड दबून जाते. मग घरचे म्हणतात, “वय झालं, भ्रम होतोय.” कोणी दृष्ट काढतो, कोणी झोपू द्या म्हणतो. झोपू देणे हेच अशा वेळी सर्वांत घातक.

रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग जेवण किंवा पोळी-भात असे काही खावयास द्यावे. पेढा, बर्फी ही कामाची नाहीत. त्यांतील तूपदुधामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्या रुग्णास साधी साखर लवकर पचत नाही, त्यास ग्लुकोजच द्यावे लागते. ही बाब अनेकांना ठाऊक नसते, म्हणून घरात ग्लुकोजचा पुडा असणे बरे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास एका कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर आणखी सावध राहिले पाहिजे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडावयास लावतात, आणि त्यांचा अंमल बराच काळ टिकतो. मूत्रपिंड अशक्त असलेल्या वृद्धांत तो अधिकच लांबतो. साखर एकदा वर आली म्हणून निश्चिंत राहिल्यास काही तासांनी ती पुन्हा खाली जाऊ शकते. अशा रुग्णास डॉक्टरांकडे नेणेच योग्य. नुसत्या मेटफॉर्मिनने मात्र साखर सहसा इतकी उतरत नाही. आपल्या घरचा रुग्ण कोणती गोळी घेतो, हे म्हणूनच नावानिशी माहीत असावे.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. साखर जितकी कमी तितकी चांगली, असे पुष्कळांना वाटते. अमेरिका व कॅनडात दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘ॲकॉर्ड’ या अभ्यासात एका गटाची साखर अगदी निरोगी माणसाइतकी उतरविण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक होत आहेत असे दिसल्याने २००८ साली तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. तेव्हापासून अशक्त, वृद्ध रुग्णांच्या बाबतीत तज्ज्ञ थोडी सैल मर्यादा सुचवितात. आजोबांचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याहून थोडा अधिक असेल, तर तो डॉक्टरांनी जाणून ठेवलेला असू शकतो. आपण स्पर्धा लावू नये.

सर्वांच्या मागून जेवणारी स्त्री

या भागासाठी मला समाजशास्त्राचा सर्वांत अधिक उपयोग झाला. पुष्कळ प्रकारचे इन्सुलिन जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावे लागते. घेतल्यावर जेवण ठरल्या वेळी झालेच पाहिजे; नाही तर साखर उतरते. आता आपल्या घरांतील स्त्रीचा जेवणाचा क्रम आठवा. आधी मुले, मग पुरुष, मग पाहुणे, आणि उरलेसुरले घेऊन शेवटी ती. ही रीत अजून पुष्कळ घरांत चालू आहे. साडेसातला इंजेक्शन घेणारी स्त्री घरातला पुरुष आल्याशिवाय ताटावर बसत नाही. वैद्यकीय दृष्ट्या हा अपघाताचा रस्ता आहे, आणि आपण त्याला वळण म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात बाबांना कामावरून येण्यास फार उशीर झाला. आजीने नेहमीच्या वेळी इंजेक्शन घेतले होते. आई तिला म्हणाली, “अहो आई, तुम्ही जेवून घ्या.” आजीचे उत्तर ठरलेले, “तो आला की बसू.” नऊच्या सुमारास आजी कारण नसताना आईवर रागावली. मग आजोबांना हाका मारू लागली. आजोबा जाऊन अकरा वर्षे झाली. आईने तिच्या मानेवर हात ठेवला, तो घामाने भिजला. आईने वाद न घालता बोट टोचले. आकडा आला ४८. ग्लुकोज पाजल्यावर वीस मिनिटांत आजी भानावर आली आणि विचारू लागली, “मी काही बोलले का गं?” त्या रात्री आईच्या हातून उशीर झाला असता, तर हा लेख मी वेगळ्या मनाने लिहिला असता.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. इंजेक्शनची पिशवी ताटाशेजारी ठेवायची, ताट वाढण्याची तयारी झाल्याशिवाय सुई टोचायची नाही, आणि आजी सर्वांच्या आधी जेवायची. आजीला हा नियम पटविणे सोपे गेले नाही. “सगळे उपाशी आणि मी आधी जेवू ? लाज नाही वाटायची?” असे ती म्हणे. शेवटी बाबांनी सांगितले, “आई, तू जेवलीस नाहीस तर मलाही घास उतरणार नाही.” नियम टिकला तो वैद्यकीय कारणाने नव्हे, मुलाच्या शब्दाने. घरातली व्यवस्था बदलावयाची तर घरातल्या मानापानाच्या भाषेतच बदलावी लागते, असे मला यातून वाटले.

उपवासाचेही असेच आहे. एकादशीला गोळी घ्यायची पण पोटात काही नाही, किंवा गोळी सोडायची आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे पोटभर. पहिल्यात साखर उतरते, दुसऱ्यात चढते. श्रद्धेचा उपहास करून हा प्रश्न सुटणार नाही. चातुर्मास लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा व आहार ठरवून घ्यावा.

लहान दिसणाऱ्या गोष्टी

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीझरमध्ये कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. वापरातली बाटली बहुधा चार आठवडे साध्या थंड जागी चालते, परंतु विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान फारच वाढते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही, त्यांनी बाटली घट्ट बंद डब्यात घालून डबा पाणी भरलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. ढगाळ दिसणारे इन्सुलिन घेण्यापूर्वी दोन्ही तळहातांत हलके घोळवावे, नाही तर मात्रा कमीजास्त जाते.

सुई रोज एकाच जागी टोचल्याने तेथे गाठ होते आणि त्या गाठीतून औषध कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. म्हणून जागा बदलावी. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकाव्यात; कचऱ्यातल्या उघड्या सुया सफाई कामगारांच्या हातांत शिरतात, आणि त्यांची सुरक्षितता ही आपल्या सुरक्षिततेहून वेगळी नाही.

ग्लुकोमीटरने तपासण्यापूर्वी हात साबणाने धुवून कोरडे करावेत. आंबा सोललेल्या किंवा उसाचा रस लागलेल्या बोटावर तपासले तर आकडा खोटाच चढलेला येतो. त्यावर कोणी इन्सुलिन वाढविले तर काय होईल, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते; म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत, अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत. आजीला वाकता येत नाही, तिचे तळवे माझा धाकटा भाऊ पाहतो. उलटी, जुलाब किंवा ताप आला तर इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये व बाकीच्या गोळ्याही आपल्या मनाने चालू ठेवू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

आम्ही घरात काय केले ?

विवेचन पुष्कळ झाले. ज्यांना उपयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी आमच्या घरची व्यवस्था थोडक्यात देते.

१) एक वही. तारीख, वेळ, साखर, इन्सुलिनची मात्रा आणि देणाऱ्याचे नाव. मात्रा दिल्यावर लगेच लिहावयाची, त्यामुळे एकदा दिलेले औषध दुसरा पुन्हा देत नाही.

२) सर्व औषधांची एक यादी, औषधाच्या मूळ नावासह. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या व्यापारी नावांनी एकच गोळी दिली असेल तर ती येथे सापडते. प्रत्येक डॉक्टरास ही यादी दाखवावयाची.

३) बाटली व सिरिंज एकाच डब्यात. नवी आणली की दोन्हींवरचे आकडे दोघांनी मोठ्याने वाचावयाचे.

४) उशाशी ग्लुकोजचा पुडा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कार्ड : घाम, थरथर, बडबड दिसल्यास काय करावे, कोणास फोन करावा.

५) एक माणूस मुख्य आणि एक माणूस बदली. मुख्य माणूस गावास जाताना बदलीला तोंडी नव्हे, वहीवर निरोप द्यावयाचा.

६) आजीचे मत. “आज बरं वाटत नाही,” असे ती म्हणाली की प्रथम तपासणी, मग बाकीचे बोलणे.

या सहाही गोष्टींना मिळून एक वही, एक डबा आणि एक पुडा एवढाच खर्च आला.

समारोप

शेवटी एक सूचना करून हा लेख संपविते. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी दत्तक गावी होते. तेथे आपण रस्ते झाडतो, बंधारे बांधतो, झाडे लावतो. यंदाच्या शिबिरात एक दुपार या कामासाठी द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची संमती व आशाताईंची सोबत घेऊन, दोघादोघांनी इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी जावे आणि घरच्या माणसांसमवेत तीनच गोष्टी पाहाव्यात : बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एक आहे काय, बाटली कोठे ठेवली आहे, आणि घरात ग्लुकोज आहे काय. कोणासही औषध कमी-जास्त करावयास सांगू नये. वेगळे काही दिसले तर ते लिहून त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवावे. यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. वाचता येणे, दोन आकडे ताडून पाहणे आणि म्हाताऱ्या माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे एवढे पुरे. कला शाखेत आपण तीन वर्षे यापेक्षा वेगळे काय शिकतो ?